मधुमेह, बधिर पाय आणि सेन्सरचे मोजे : खान्देशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या मधुमेहींच्या पायांची काळजी घेताना जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न पेशंटपेक्षा त्यांच्या मुलांचे आणि सुनांचे असतात. ते मोबाइलवर कुठेतरी ‘स्मार्ट सॉक्स’चा व्हिडिओ बघतात आणि विचारतात, "आमच्या आप्पांसाठी मागवू का?"

हा मोजा नेमकं करतो काय?

दिसायला तो साधाच मोजा असतो. त्याच्या विणीत तळव्याच्या ठरावीक जागी बारीक तापमापक बसवलेले असतात. अमेरिकेतल्या सायरन या कंपनीच्या मोज्यात प्रत्येक पायाला असे सहा आहेत: अंगठा, अंगठ्यामागचा उंचवटा, मधल्या बोटामागचा, करंगळीमागचा, तळव्याचा मध्य आणि टाच. दोन्ही पायांच्या त्याच त्या जागांची तुलना होत राहते. एक जागा दुसऱ्या पायाच्या जोडीदार जागेपेक्षा बरीच गरम राहू लागली की इशारा जातो.

हा मोजा साखर मोजत नाही, जखम भरत नाही आणि रक्तपुरवठाही वाढवत नाही. विकणारा यापैकी काही सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

गरम होण्याचा आणि जखमेचा काय संबंध?

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरत जातात. आधी मुंग्या, जळजळ, मग हळूहळू काहीच नाही. "काटा टोचना तरी समजत नही," असं अहिराणीत सांगणारी माणसं आमच्याकडे रोज येतात, आणि बहुतेकदा हसत सांगतात. दुखत नाही म्हणजे बरंच, असा त्यांचा हिशेब असतो.

निरोगी माणूस लांब चालला की नकळत पावलाचा कोन बदलतो, भार दुसरीकडे टाकतो, थोडं लंगडतो. तळव्याची एक जागा ठणकायला लागलेली असते, म्हणून हे होतं. बधिर पायाचा माणूस मात्र त्याच जागेवर हजारो पावलं टाकतो. आतलं मांस चेचलं जातं, तिथे सूज धरते, रक्त धावतं, जागा तापते. वरची कातडी अजून शाबूत असते, कदाचित घट्टा पडलेला असतो. त्या घट्ट्याखाली पाणी धरतं आणि मग एक दिवस मोज्यावर डाग दिसतो.

हे सगळं वैद्यकाला कळलं त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते. कुष्ठरोगाने बोटं सडून गळतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप सडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजणं, कापणं, घासणं कळत नाही आणि त्या न कळलेल्या इजांनी हात-पाय जातात. पुढे ते अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, तिथे बधिर पावलांची तापमानं बघू लागले आणि जखम व्हायच्या आधी जागा गरम होते हे त्यांनी मांडलं. मधुमेहाच्या पायाला तोच नियम लागू पडला. आजचा सेन्सरचा मोजा त्याच निरीक्षणावर उभा आहे.

माझ्या पायाला काही त्रासच नाही. मग बधिरता आहे की नाही हे कसं कळणार?

त्रास नसणं हा पुरावा नाही. घरच्या घरी एक चाचणी होते. पेशंटने डोळे मिटून आडवं व्हावं. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने अगदी हलका स्पर्श करावा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टोचायचं तर मुळीच नाही. स्पर्श जाणवला की पेशंटने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर बधिरता आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं.

दवाखान्यात हेच काम १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने आणि १२८ हर्ट्झच्या ट्युनिंग फोर्कने करतात. पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं झालेली नसताना कुणी मोजे विकत घेत असेल तर तो उलट्या टोकाने सुरुवात करतो आहे. ज्याची संवेदना शाबूत आहे त्याला या मोज्याचा फारसा उपयोग नाही. ज्याला आधी जखम होऊन भरली आहे त्याला सर्वांत जास्त, कारण भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंश असतं. तेव्हा सगळ्यांचेच पाय तापतात. मोजा दिवसभर बोंबलत बसेल ना?

हा प्रश्न भुसावळ-रावेरकडून हमखास येतो, आणि तो अगदी रास्त आहे.

पाय किती गरम आहे याला इथे महत्त्व नाही. एका पायाची जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा किती गरम आहे, हे बघायचं असतं. बाहेर ४५ अंश असो वा पौषातली १० अंशांची पहाट, दोन्ही पाय एकाच हवेत असतात. म्हणून हवेचा परिणाम वजाबाकीत बराचसा निघून जातो. जगभर वापरली जाणारी मर्यादा फरकाची आहे: २.२ अंश सेल्सिअस, म्हणजे ४ अंश फॅरनहाइट. तोही एका दिवसाचा नाही, लागोपाठ दोन दिवस टिकला तर.

तरी आपल्याकडे काही गोष्टी फसवतात. ओट्यावर बसताना एक पाय उन्हात, एक सावलीत. ट्रॅक्टर चालवताना इंजिनाची धग एकाच बाजूला जास्त. केळीला पाणी भरताना एक पाय पाटात. गाडीच्या सायलेन्सरजवळचा पाय वेगळा तापतो. असं काही झालं असेल तर घरात येऊन, दोन्ही पाय सारखे ठेवून, पंधरा-वीस मिनिटं बसावं आणि मग आकडा बघावा. सकाळी उठल्यावर, फारसं चालायच्या आधी घेतलेला आकडा सगळ्यांत भरवशाचा.

उन्हाची खरी भीती वेगळीच आहे. बधिर पायाने तापलेल्या डांबरावर किंवा मंदिराच्या फरशीवर चार पावलं टाकली तरी तळवे भाजतात आणि कळत नाही. सेन्सर रोजच्या दाबाने हळूहळू धरणारी सूज पकडायला आहे. भाजायला अर्धं मिनिट पुरतं, तिथे त्याचा इशारा उशिराच येणार. त्याला उपाय पायात वहाण, दुसरा नाही. थंडीत शेकोटीजवळ पाय पसरून बसणाऱ्यांनाही हेच लागू.

कापडात सेन्सर बसवतात कसे? धुवायचं कसं?

दोन-तीन रीती आहेत. एकीत तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान थर्मिस्टर, म्हणजे उष्णतेबरोबर विद्युतरोध बदलणारा मणी, बारीक तारेला जोडून राळेत बंद करतात आणि भोवती सूत गुंफतात. तयार होतो तो धाग्यासारखाच धागा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात अशा धाग्यांवर बरंच काम झालं आहे. दुसऱ्या रीतीत चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा तारेचं काम करतो. तिसरी रीत दाब मोजण्यासाठी: दाबलं की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असं कापड किंवा पापुद्रा तळव्याखाली घालतात. घोट्यापाशी बटणाएवढी बॅटरी आणि ब्लूटूथची चकती असते.

धुता येतात, पण कंपनीच्या सूचना पाळून. आपल्याकडचं धुणं म्हणजे दगडावर आपटणं आणि पिळून दोरीवर टाकणं. त्यात तार तुटणार हे उघड आहे. घरात धुणं कोण धुतं हे आधी बघा आणि त्या बाईंना नीट समजावून सांगा.

कापूस आमच्या खान्देशातला. मग हे मोजे सुती का नाहीत?

कापूस घाम शोषतो, पण धरूनही ठेवतो. ओला सुती मोजा कातडीवर घासतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. शिवाय सेन्सर जागेवर टिकायला मोजा घट्ट न होता अंगाबरोबर ताणला गेला पाहिजे, त्यासाठी नायलॉन आणि इलॅस्टिक लागतं. साध्या वापरासाठी सुती मिश्रणाचा, शिवण नसलेला किंवा शिवण बाहेरून असलेला, पांढरा मोजा उत्तम. पांढरा यासाठी की रक्त-पू लगेच दिसतो. काळ्या मोज्यात चार दिवस कळत नाही.

खरंच फायदा होतो की नुसती जाहिरात?

तापमान रोज मोजण्याचा फायदा दाखवणारे चांगले अभ्यास आहेत, फक्त ते बहुतेक मोज्यावर नाहीत, हातात धरायच्या तापमापकावर आहेत. अमेरिकेत लॅव्हरी, आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २००७ दरम्यान तीन चाचण्या प्रसिद्ध केल्या. २००७ च्या एका चाचणीत १७३ जण होते, सगळ्यांना आधी जखम होऊन गेलेली. पंधरा महिन्यांत नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांना पुन्हा जखम झाली. रोज तापमान मोजून फरक दिसताच चालणं कमी करणाऱ्यांत हे प्रमाण ८.५ टक्के होतं. तिसरा गट रोज आरशात पाय बघून नोंद ठेवत होता, त्यांच्यात मात्र ३० टक्के. नुसतं बघणं पुरत नाही, कारण सूज डोळ्यांना दिसते तोवर उशीर झालेला असतो.

मोज्याबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे. २०१८ मध्ये सायरनच्या मोज्यावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३५ पेशंट होते. तापमान बरोबर मोजलं जातं आणि लोकांना मोजा घालायला सोपा वाटतो, इतकं त्यातून कळलं. मोज्यामुळे पाय वाचले हे दाखवायला तेवढं पुरेसं नाही.

इशारा आला म्हणजे जखम होणारच?

नाही. २०१७ मध्ये तापमान मोजणाऱ्या पायपट्टीचा, म्हणजे ज्यावर रोज थोडा वेळ उभं राहायचं अशा चटईचा अभ्यास आला. १२९ जण, ३४ आठवडे. २.२ अंशांच्या मर्यादेने ९७ टक्के जखमा आधीच पकडल्या, सरासरी ३७ दिवस आधी. पण खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं. मर्यादा ३.२ अंशांवर नेली तर खोटे इशारे ३२ टक्क्यांवर आले, आणि पकडल्या जाणाऱ्या जखमाही ७० टक्क्यांवर घसरल्या.

माझं मत विचाराल तर खोटा इशारा स्वस्त आहे. दोन दिवस शेतात गेलं नाही, एवढंच त्याचं मोल. अर्थात कापूस वेचणीच्या मोसमात रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवस बसा म्हणणं किती महाग पडतं, हे मला माहीत आहे. म्हणून अशा घरात मोजा देण्याआधी "इशारा आला तर तुमच्या जागी कोण जाईल?" हे बोलून घ्यावं लागतं. त्याचं उत्तर नसेल तर इशाऱ्याचा उपयोग शून्य.

इशारा आल्यावर करायचं काय?

आधी बसा. मग मोजा काढून चांगल्या उजेडात पाय बघा: तळवा, बेचकी, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा नातवाला बोलवा. वहाणेत हात घालून खडा, खिळा, उचकटलेली पट्टी आहे का बघा. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं, असा माझा अनुभव. त्या दिवशी चालणं निम्म्याहून कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. फरक तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवेपर्यंत त्या पायावर भार नको.

दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही अशा वेळा: उघडी जखम, पू, वास, काळी पडलेली जागा, ताप. आणखी एक, जी हमखास चुकते: पाय लाल, गरम, सुजलेला, पण जखम नाही आणि फारसं दुखतही नाही. याला मुरगळला असं समजून लोक तेल लावून चोळतात. ते शार्कोट असू शकतं. यात पावलाची हाडं आतल्या आत ढासळत असतात, आणि चालत राहिलं तर तळव्याची कमान कायमची मोडते. अशा वेळी पाय जमिनीला टेकवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दाब मोजणाऱ्या इनसोलबद्दल, म्हणजे बुटात घालायच्या गादीबद्दल ऐकलं. ते वेगळं का?

हो. मोजा सूज धरल्यावर सांगतो, इनसोल त्याच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे दाब पडत असतानाच सांगतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत बुटात आठ सेन्सरचं इनसोल आणि हाताला घड्याळ होतं. एखाद्या जागेवर ३५ मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त दाब बराच वेळ राहिला की घड्याळ सांगायचं: भार हलवा. इतक्या दाबाखाली कातडीतल्या केशवाहिन्यांतून रक्त नीट वाहत नाही, म्हणून तो आकडा. आधी जखम झालेले ५८ जण, दीड वर्ष. इशारे मिळणाऱ्या गटात तळव्याच्या जखमा ७१ टक्क्यांनी कमी झाल्या. संख्या लहान, पण निकाल लक्षात घेण्यासारखा. अडचण एकच, त्याला बंद बूट लागतो.

आमचे नाना चपलेशिवाय काही घालत नाहीत. बूट तर लग्नातसुद्धा नाही.

मग इनसोल विसरा. मोजाही बहुधा कपाटातच राहील, कारण अंगठ्याच्या चपलेत तो बसत नाही.

नानांना मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे एमसीआर चप्पल घ्या. कुष्ठरोग्यांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षं हीच वापरात आहे. आतला थर मऊ, खालचा तळ कडक, म्हणजे काटा आरपार येत नाही. अंगठा नको, मागे पट्टा हवा, नाहीतर बधिर पायातून चप्पल निसटून पडते आणि माणूस तसाच चालत राहतो. खिळे ठोकलेली नको, चिकटवलेली हवी. पऱ्हाटी काढल्यावर रानात जी धसकटं उरतात, ती साध्या हवाई चपलेतून सरळ वर येतात. हा धोका कुठलाही सेन्सर टाळू शकत नाही.

मोजा आणि चप्पल यांपैकी एकच परवडत असेल तर चप्पल.

मोजा मिळत नाही, परवडत नाही. तरी तापमान मोजता येईल?

येईल, आणि खान्देशातल्या बहुतेकांसाठी मला हाच मार्ग पटतो. कोरोनात घेतलेला, कपाळावर रोखायचा इन्फ्रारेड तापमापक अनेक घरांत पडून आहे. त्यावर शरीर आणि पृष्ठभाग असे दोन मोड असतात. पृष्ठभागाचा मोड लावा, कारण तळवा कपाळापेक्षा थंड असतो आणि शरीराच्या मोडमध्ये बरीच यंत्रं नुसतं ‘लो’ दाखवतात.

सकाळी उठल्यावर दोन्ही पाय उघडे ठेवून दहा मिनिटं बसा. वर सांगितलेल्या सहा जागा, प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावरून मोजा. वहीत दोन उभे रकाने करा, उजवा आणि डावा. वजाबाकी करा. २.२ पेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला तर वर लिहिलं तेच करायचं. यंत्र एखादा अंश कमीजास्त दाखवत असेल तरी दोन्ही पायांना तितकंच दाखवेल, म्हणून महागडं नको. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही मध्यम आणि जास्त धोक्याच्या पेशंटना दिवसातून एकदा मोजण्याचा विचार करा, असंच सांगतात.

मोजा जिंकतो तो एकाच ठिकाणी: त्याला वही लागत नाही. रोज मोजण्याचा कंटाळा दोन महिन्यांत सगळ्यांनाच येतो.

कुणी हे मोजे घेऊच नयेत?

ज्याचा एक पाय किंवा पंजा गेला आहे त्याच्याकडे तुलनेला जोडीदार जागा नाही, त्याच्यासाठी ही पद्धत लंगडी पडते. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठाच कमी आहे त्यांचा पाय थंड असतो, आणि धोका असून इशारा येत नाही. तंबाखू-बिडी ओढणारे, चार पावलं चालल्यावर पोटऱ्या भरून येणारे, पायावरचे केस गळलेले, अशांनी आधी पायाच्या नाड्या तपासून घ्याव्यात. उघडी जखम असताना सेन्सरचा काही उपयोग नाही, तेव्हा ड्रेसिंग आणि भार काढणं.

मुलगा सुरतला असतो. इशारा त्याच्या फोनवर गेला तर चालेल?

चालेल, पण त्याच्या एकट्याच्या नको. तिकडे तो कामावर असणार, फोन बघायला संध्याकाळ होणार. गावातल्या एकाचा नंबरही द्या, आशाताई किंवा शेजारी. अमेरिकेत हे मोजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात आणि नर्स आकड्यांवर लक्ष ठेवून पेशंटला फोन करतात. फोन करणारं माणूस हा त्या पद्धतीचा अर्धा भाग आहे. ऑनलाइन नुसता मोजा मागवला तर तो भाग येत नाही.

टाचेच्या भेगांना बिब्बा लावतो, घट्टा ब्लेडने काढतो. चालेल ना?

दोन्ही बंद करा. बिब्ब्याने बधिर कातडी जळते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. घट्टा, भोवरी, कुरूप दवाखान्यात काढून घ्या. कुरपाच्या पट्ट्यांत आम्ल असतं, त्याही नकोत. भेगांना रात्री व्हॅसलिन किंवा खोबरेल, बोटांच्या बेचक्या सोडून.

चैत्रात वणीला अनवाणी जायचा नवस आहे. मोजा घालून गेलं तर?

अनवाणी पायावर मोजा म्हणजे अनवाणीच. सप्तशृंगीला पायी जाणारी खान्देशातली मंडळी भर उन्हात निघतात, आणि परतल्यावर तळव्याची सालपटं घेऊन दवाखान्यात येणारे दरवर्षी असतात. मुक्ताईच्या पालखीबरोबर जाणारेही. पाय बधिर असेल तर अनवाणी नकोच. जायचंच असेल तर वापरून मऊ झालेली वहाण, रोज मुक्कामाला पाय तपासणं, आणि शेवटचा टप्पा गाडीने. एका आजींनी नवस सुनेच्या पायांनी फेडला, तोही मार्ग आहे.

पाय किती दिवसांनी दाखवायचे, आणि कुठे?

संवेदना आणि नाड्या ठीक असतील तर वर्षातून एकदा. बधिरता किंवा रक्तपुरवठा कमी यांपैकी एक असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही असतील, किंवा त्यातलं एक आणि पायाचा आकार बिघडलेला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी जखम झाली असेल किंवा बोट काढलं असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मधुमेहाची तपासणी होते. तिथे गर्दी असते आणि साखरेचा कागद बघून गोळ्या लिहून दिल्या जातात. डॉक्टरांनी सांगायची वाट न बघता खुर्चीवर बसल्या बसल्या चप्पल-मोजे काढून ठेवा.